‘फ्रिक्वेन्सी’ हा शब्द दिसला की आधी छेद शोधा: विषय बदलणाऱ्यांसाठी वाटाड्या

विदर्भातल्या एका संस्थेसाठी मी सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, माहितीपत्रिका मराठीत करत होतो. माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. मूळ मजकुरात ‘कॅरिअर फ्रिक्वेन्सी’ असे दोन शब्द आले आणि हात आपोआप चालला. रेडिओच्या धड्यात शंभरदा वाचलेलं होतं, कॅरिअर म्हणजे वाहक लहर आणि फ्रिक्वेन्सी म्हणजे कंप्रता. ‘या भागातील वाहक कंप्रता जास्त आहे’ असं लिहून मोकळा झालो. मसुदा वाचायला बसलेल्या आशाताईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “कंप्रता म्हंजे काय जी सर? वाहकायले कापरं भरते का?”

मूळ वाक्य एवढंच सांगत होतं की त्या भागात सिकलसेलचे वाहक प्रमाणानं जास्त आहेत. कापरं मलाच भरलं.

त्यानंतर मी ही फ्रिक्वेन्सी जिथे भेटेल तिथे टिपून ठेवायला लागलो. भौतिकी, सांख्यिकी, जनुकशास्त्र, भाषाशास्त्र, दवाखाना, सगळीकडे हाच शब्द आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं गणित वेगळं. तुम्ही बारावीनंतर विषय बदलला असेल, दुसऱ्या शाखेतला पेपर वाचायची वेळ आली असेल किंवा विज्ञानाचं भाषांतर करत असाल, तर खालचा क्रम वापरून बघा. माझे दोनेक महिने ज्यात गेले ते तुमचं एका दुपारी आटपेल.

हाताशी काय हवं

- बालभारतीची नववी-दहावीची गणिताची आणि विज्ञानाची पुस्तकं. हसू नका. ‘वारंवारता’ हा शब्द दोन्हीकडे येतो आणि दोन्हीकडे वेगळा अर्थ घेऊन येतो.
- मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश. कोश विषयवार आहेत, त्यामुळे ज्या विषयाचा मजकूर त्याच विषयाचा कोश उघडा. माझी चूक नेमकी इथेच झाली.
- पाठकोरा कागद आणि पेन. प्रत्येक वेळी अपूर्णांक मांडायचा आहे, तोंडी नको.
- फोनवर आवाजाचा वर्णपट दाखवणारं एखादं फुकट ॲप. सक्ती नाही, पण मजा येते.

१. वाक्यातली फ्रिक्वेन्सी अपूर्णांकात मांडा

फ्रिक्वेन्सी म्हणजे कशाची तरी मोजदाद, एवढं सगळ्या शास्त्रांना मान्य. अंशात ती मोजदाद असते. भांडण सगळं छेदाचं. छेदात चारपैकी एक गोष्ट सापडते:

वेळ. सेकंद, मिनिट, वर्ष. ‘सेकंदाला ५० वेळा.’

एकूण संख्या. ‘शंभरातले अठरा.’ इथे अंश आणि छेद एकाच जातीचे, म्हणून एकक उडून जातं आणि उरतो शून्य ते एकमधला आकडा किंवा टक्के.

जागा. लांबी, कोन. ‘एका सेंटिमीटरमध्ये इतक्या लाटा.’

काहीच नाही. नुसती मोजदाद. वर्गात ६५ गुण मिळालेली मुलं सात, तर ६५ ची वारंवारता ७.

कागदावर आडवी रेघ मारा, वर काय मोजलंय ते लिहा, खाली कशानं भागलंय ते. खालची जागा भरता येत नसेल तर वाक्य तुम्हाला अजून समजलेलं नाही, किंवा लेखकानं छेद गाळला आहे. छेद गाळणारे लेखक पुष्कळ आहेत. त्यांच्या शाखेत तो सगळ्यांना माहीत असतो, म्हणून ते सांगत बसत नाहीत. बाहेरून आलेल्याची पंचाईत होते ती त्यामुळेच.

२. छेदात सेकंद असेल तर: वीज, रेडिओ, गाणं

हे सगळ्यांच्या ओळखीचं घर. सेकंदाला एक पूर्ण आवर्तन म्हणजे एक हर्ट्झ. हाइनरिश हर्ट्झच्या नावाचं हे एकक १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय पद्धतीत अधिकृत झालं. जुन्या पुस्तकांत ‘आवर्तनं प्रति सेकंद’ दिसलं तर गोष्ट तीच.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. देशभरातली जनित्रं एका तालात फिरत असतात. मागणी वाढली आणि पुरवठा तोकडा पडला की ती किंचित मंदावतात आणि आकडा खाली सरकतो. ग्रिडच्या नियमांप्रमाणे तो ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान राहायला हवा. म्हणजे या क्षेत्रातल्या माणसासाठी फ्रिक्वेन्सी ही एखाद्या गुणधर्मापेक्षा नाडीसारखी असते, सतत बघत राहायची.

इथला पहिला सापळा ‘पूर्ण’ या शब्दात आहे. ५० हर्ट्झ म्हणजे प्रवाहाची दिशा सेकंदाला ५० वेळा बदलते, असं उत्तर मी तोंडी परीक्षेत ठोकून दिलं होतं. दिशा १०० वेळा बदलते. एका आवर्तनात जाणं आणि येणं दोन्ही आलं. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डीपीजवळ (विजेच्या ट्रान्सफॉर्मरजवळ) रात्री उभे राहा आणि फोनवरचं ॲप उघडा. गुणगुण्याची ठळक रेघ १०० हर्ट्झवर दिसेल, ५० वर नव्हे. आतला लोखंडी गाभा प्रवाह पुढे जाताना ताणला जातो आणि मागे येतानाही तसाच ताणला जातो. (कुंपणाच्या बाहेरूनच ऐका, हे वेगळं सांगायला नको.)

दुसरा सापळा कोनीय कंप्रतेचा. समीकरणात ज्या-फलनाच्या (साइनच्या) आत ‘३१४ गुणिले वेळ’ दिसलं की नवखा माणूस ३१४ हर्ट्झ लिहून टाकतो. ३१४ हे रेडियन प्रति सेकंद आहेत. दोन गुणिले पायनं भागा, ५० मिळतील. वाईट गोष्ट अशी की पुष्कळ भौतिकीवाले दोन्हींना सरसकट फ्रिक्वेन्सी म्हणतात. चिन्ह बघा. ओमेगा असेल तर भागाकार राहिलाय.

रेडिओचं घर याच्या शेजारीच. ‘मध्यम लहरी ३७८.८ मीटर्स अर्थात ७९२ किलोहर्ट्झ’ ही आकाशवाणी पुण्याची घोषणा ज्यांच्या कानात आहे त्यांना लांबी आणि कंप्रतेचं नातं फुकटात शिकायला मिळालं. प्रकाशाचा वेग भागिले कंप्रता म्हणजे तरंगलांबी. ३,००,००० भागिले ७९२ करून बघा. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी दुर्बीण आहे, तिथले खगोलशास्त्रज्ञ हायड्रोजनच्या एकाच रेषेला कधी १४२० मेगाहर्ट्झ म्हणतात तर कधी २१ सेंटिमीटर. वस्तू एक, नावं दोन. वाचताना एक आकडा वर गेला की दुसरा खाली येतो एवढं ध्यानात ठेवा. आलेखाचा आडवा अक्ष कुठला आहे ते न बघता ‘डावीकडे जास्त’ असं म्हणू नका.

गाण्याच्या क्लासला जाणाऱ्यांकडे याच गोष्टीला तिसरा शब्द आहे, आंदोलनसंख्या. संगीतशास्त्राच्या परीक्षांसाठी मध्य सप्तकाचा सा २४० आंदोलनांचा धरतात, म्हणजे पंचम ३६० आणि तार सा ४८०. म्हणून सा म्हणजे २४० हर्ट्झ असं समजू नका. काळी एक पट्टीतला सा २७७ च्या आसपास असतो, पुरुषी आवाजात त्याच्या निम्मा. सूर ठरतो गुणोत्तरानं. त्यातही कंप्रता हा यंत्रानं मोजलेला आकडा आणि उंची म्हणजे कानाला जाणवलेला सूर. ध्वनिशास्त्राच्या मजकुरात हे दोन शब्द वेगळे आले तर भाषांतरातही वेगळेच ठेवा.

एक बारीकशी नोंद. किरणोत्सारी पदार्थात सेकंदाला किती अणू फुटतात हेसुद्धा ‘प्रति सेकंद’च, पण त्याला हर्ट्झ म्हणत नाहीत, बेकरेल म्हणतात. फुटणं अनियमित आहे, त्यात आवर्तन नाही. उलट टोकाला सीझियमचा अणू. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच त्याच्या एका किरणाच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर उभी आहे. म्हणजे इथे कंप्रता आधी आणि सेकंद नंतर.

३. छेदात माणसं असतील तर: सांख्यिकी आणि जनुकं

नववीच्या गणितातली ताळ्याच्या खुणांची सारणी आठवते? चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. त्या मोजून शेवटच्या रकान्यात भरतो ती वारंवारता. छेद नाही, एकक नाही, सेकंदाशी संबंध नाही. भौतिकीतून आलेल्या माणसाला इथे ठेच लागते, कारण ‘वारंवार’ म्हटलं की डोक्यात काळ येतो. परीक्षा एकदाच झाली, मुलं एकदाच बसली, तरी वारंवारता आहेच.

तिला एकूण संख्येनं भागलं की सापेक्ष वारंवारता. वरून खाली बेरीज करत गेलं की संचित वारंवारता. इंग्रजी पेपरांत या तिन्हींचं विशेषण बिनदिक्कत गळतं. ओळखायची खूण अशी: सगळ्या आकड्यांची बेरीज एक येत असेल तर सापेक्ष, शेवटचा आकडाच एकूण संख्येइतका असेल तर संचित.

आयतालेखात (हिस्टोग्राममध्ये) आणखी एक गोम. वर्ग असमान असतील तर स्तंभाची उंची वारंवारतेइतकी काढायची नसते. समजा ० ते १० वयाची २० मुलं आहेत आणि १० ते ४० वयाची ३० माणसं. सरळ उंची काढली तर दुसरा स्तंभ मोठा दिसेल. वर्गाच्या रुंदीनं भागा: पहिल्यात वर्षाला दोन, दुसऱ्यात वर्षाला एक. ही झाली वारंवारता-घनता. छेदात वर्षं आली खरी, पण ती वयाची रुंदी आहे, घड्याळाचा काळ नव्हे.

आता माझ्या चुकीकडे. जनुकशास्त्रात एकाच गावात तीन फ्रिक्वेन्सी निघतात आणि तिन्ही वेगळ्या असतात. समजा, निव्वळ हिशेबासाठी, एका गावात १०० जणांची तपासणी झाली. ८१ जण एए म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती निर्दोष, १८ जण एएस म्हणजे एकच प्रत सदोष असलेले वाहक, आणि एक जण एसएस म्हणजे रुग्ण.

रुग्णांची वारंवारता: १००पैकी १. एक टक्का.

वाहकांची वारंवारता: १००पैकी १८. हीच ती कॅरिअर फ्रिक्वेन्सी.

एस या सदोष जनुक-रूपाची (अ‍ॅलीलची) वारंवारता: इथे छेद १०० नाही! प्रत्येक माणसाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, म्हणून छेद २००. अंशात वाहकांच्या १८ प्रती आणि रुग्णाच्या २, मिळून २०. म्हणजे १० टक्के.

एक, अठरा, दहा. तिन्हींना मूळ मजकुरात फ्रिक्वेन्सीच म्हटलेलं असेल. हे आकडे मी मुद्दाम असे घेतले आहेत की हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेलं सूत्र त्यात बसावं: ०.९ चा वर्ग ०.८१, ०.१ चा वर्ग ०.०१ आणि दोघांच्या गुणाकाराची दुप्पट ०.१८. खऱ्या गावात आकडे इतके गुण्यागोविंदानं नांदत नाहीत. पण छेद माणसांचा आहे की प्रतींचा, हा प्रश्न खऱ्या गावातही तसाच राहतो.

याच शास्त्रात पुनर्संयोगाची (गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीची) वारंवारता नावाची आणखी एक आहे. तिच्या छेदात एकूण संतती असते, आणि गंमत म्हणजे तिच्यावरून गुणसूत्रावरचं अंतर मोजतात, एक टक्का म्हणजे एक सेंटिमॉर्गन. टक्क्यांचं अंतर होताना मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

४. छेदात चौकटी असतील तर: सड्यावर बसून केलेला हिशेब

परिसंस्थेचा अभ्यास करणारे लोक फ्रिक्वेन्सी काढतात ती मला सगळ्यात परकी वाटली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कासच्या पठारासारख्या सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकायची. आत कोणत्या वनस्पती आहेत ते लिहायचं. उठायचं, दुसरीकडे टाकायची. समजा अशा दहा चौकटी झाल्या. तेरडा आठ चौकटींत सापडला, सगळी रोपं मिळून २४०. सीतेची आसवं दोनच चौकटींत सापडली, पाणी झिरपत होतं तिथे, पण तीही मिळून २४०.

घनता दोघांची सारखीच: २४० भागिले १०, चौरस मीटरला २४. फ्रिक्वेन्सी मात्र तेरड्याची ८० टक्के आणि आसवांची २० टक्के. इथे रोपं मोजतच नाहीत. चौकटीत एक रोप असो की दीडशे, त्या चौकटीला एकच खूण. ‘आहे की नाही’ एवढाच प्रश्न. म्हणून या फ्रिक्वेन्सीचा अर्थ ‘किती’ असा नसून ‘किती पसरलेलं’ असा आहे. तिसरा आकडाही असतो, विपुलता: फक्त जिथे सापडलं तिथल्या चौकटींनी भागायचं. तेरडा ३०, आसवं १२०. रोपं तितकीच राहिली, छेद बदलला आणि चित्र पालटलं.

डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ रौंकियर यांनी वीस-वीस टक्क्यांचे पाच गट पाडले, तेच अजून बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक वहीत असतात. तिथला सापळा चौकटीच्या आकाराचा आहे. चौकट मोठी घेतली की फ्रिक्वेन्सी आपोआप वाढते. दोन अहवालांची तुलना करायच्या आधी दोघांनी चौकट केवढी वापरली ते बघा, नाहीतर तुलना फुकट.

आणि त्याच सड्यावर कुणी म्हणालं, ‘कारवीच्या फुलण्याची फ्रिक्वेन्सी सात वर्षं,’ तर तो आवर्तनकाल सांगतोय. कंप्रता त्याच्या उलट, सातास एक. बोलण्यात हा घोळ सगळेच करतात. ‘बसची फ्रिक्वेन्सी वीस मिनिटं’ म्हणतो तेव्हा आपण दोन गाड्यांमधलं अंतर सांगत असतो. फ्रिक्वेन्सी तासाला तीन.

५. छेदात शब्द असतील तर

भाषाशास्त्र विभागात पाऊल टाकताना सावध राहा, कारण एकाच खोलीत दोन्ही अर्थ नांदतात. ध्वनीचा अभ्यास करणारी व्यक्ती मूलभूत कंप्रता म्हणेल तेव्हा ती स्वरतंतूंच्या हर्ट्झबद्दल बोलतेय. पलीकडच्या टेबलावरचा सहकारी शब्दांची वारंवारता म्हणेल तेव्हा तो दर दहा लाख शब्दांमागे एखादा शब्द किती वेळा येतो ते सांगतोय.

मराठीत शब्द मोजायला बसलात तर पहिल्या पाच मिनिटांत अडाल. हे वाक्य घ्या: ‘घरात पाणी नाही, घराला कुलूप, घरी कुणी नाही.’ आठ शब्द. ‘नाही’ दोनदा, वारंवारता आठात दोन. आता ‘घर’ किती वेळा? यंत्राला विचारलंत तर शून्य. घरात, घराला, घरी हे त्याच्या लेखी तीन वेगळे शब्द. तुम्हाला विचारलं तर तीन. दोन्ही उत्तरं बरोबर, फक्त कुठली पद्धत वापरली ते सांगायला हवं. इंग्रजीसाठी बनवलेली साधनं मराठीवर तशीच चालवली की विभक्तीच्या जंगलात शब्द हरवतात.

झिफचा नियम इथलाच: क्रमवारीत दुसरा शब्द पहिल्याच्या साधारण निम्म्या वेळा येतो, तिसरा तिसऱ्या हिश्श्यानं. आणि शोधयंत्रांच्या जगात ‘टर्म फ्रिक्वेन्सी’ नावाचं माप आहे, एका दस्तऐवजात तो शब्द किती वेळा आला याचं. त्याच्या जोडीला उलटी दस्तऐवज-वारंवारता येते, १९७२ मध्ये कॅरेन स्पार्क जोन्स यांनी मांडलेली. तिथे शब्दाची नव्हे तर दस्तऐवजांची मोजणी. तेरड्याच्या चौकटी आठवल्या तर समजायला वेळ लागणार नाही.

६. छेदात वर्षं असतील तर: पूर आणि भूकंप

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोग अभियंत्यांच्या अहवालातून बातम्यांत येतो आणि तिथे त्याचं मातेरं होतं. यंदा आला, आता नव्याण्णव वर्षं निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक. नदीला मागच्या वर्षीचं आठवत नाही. तीस वर्षांत निदान एकदा तरी तो येण्याची शक्यता काढायची तर ०.९९ चा तिसावा घात काढून एकमधून वजा करा: सुमारे २६ टक्के. घराचं कर्ज फेडेस्तोवर चारात एक.

भूकंपशास्त्रात वारंवारता-महत्ता (मॅग्निट्यूड) संबंध म्हणजे गुटेनबर्ग-रिश्टर यांचा नियम. महत्ता एकनं कमी झाली की धक्क्यांची संख्या साधारण दहापट. कोयना परिसरात १९६७ च्या भूकंपानंतर आजही लहान धक्के नोंदले जातात, त्यांच्या अभ्यासात हा आलेख येतोच. पण त्याच लेखात पुढे भूकंपलहरींची कंप्रता हर्ट्झमध्ये येईल. एकाच पानावर दोन फ्रिक्वेन्सी. प्रत्येकीजवळ पेन्सिलीनं छेद लिहून ठेवा.

७. रसायनवाल्यांचं थोडक्यात

अवरक्त वर्णपटात ‘कार्बोनिलची (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाची) फ्रिक्वेन्सी १७००’ असं ऐकाल. हे हर्ट्झ नाहीत. प्रति सेंटिमीटर आहेत, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये किती लाटा मावतात. खरं नाव तरंगसंख्या. हर्ट्झ हवे असतील तर प्रत्येकी सुमारे ३० गिगाहर्ट्झनं गुणा, १७०० चे ५१ टेराहर्ट्झच्या आसपास होतील. दुसरं, तापमानाप्रमाणे अभिक्रियेचा वेग सांगणाऱ्या अऱ्हेनियसच्या समीकरणातला ‘फ्रिक्वेन्सी फॅक्टर’. त्याचं एकक अभिक्रियेच्या कोटीप्रमाणे (ऑर्डरप्रमाणे) बदलतं, पहिल्या कोटीलाच ते ‘प्रति सेकंद’ असतं. बाकी वेळा नुसतं नाव.

८. दवाखान्याची फाइल

वडिलांची जाडजूड फाइल चाळताना मला एकाच पुठ्ठ्यात चार फ्रिक्वेन्सी सापडल्या.

केस पेपरवर तक्रारींच्या रकान्यात नुसतं ‘फ्रिक्वेन्सी’ आणि पुढे अधिकचं चिन्ह. अर्थ: वारंवार लघवीला जावं लागतं. बाकी काही शब्द नाहीत, डॉक्टरांना पुरतात.

औषधांच्या तक्त्यात फ्रिक्वेन्सीचा रकाना आणि खाली १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

कानाच्या तपासणीचा आलेख. आडव्या अक्षावर २५० ते ८००० हर्ट्झ.

औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी. तिथे दुष्परिणाम ‘अतिसामान्य’, ‘सामान्य’, ‘असामान्य’, ‘दुर्मीळ’, ‘अतिदुर्मीळ’ अशा वारंवारतेच्या गटांत. हे शब्द ढोबळ नाहीत, त्यांना आकडे ठरलेले आहेत. दहात एक किंवा जास्त म्हणजे अतिसामान्य. दहात एकपेक्षा कमी पण निदान शंभरात एक, तर सामान्य. मग हजारात एकपर्यंत असामान्य, दहा हजारांत एकपर्यंत दुर्मीळ, त्याखाली अतिदुर्मीळ. ‘सामान्य’ वाचून ‘सगळ्यांनाच होतं’ असं घरच्यांना सांगू नका. शंभरातल्या नव्वदपेक्षा जास्त जणांना ते होतच नाही.

९. जोडशब्द तपासा

सगळ्यात जास्त फसगत दोन शब्दांच्या जोडीत होते, कारण जोडी ओळखीची वाटते. ‘कॅरिअर फ्रिक्वेन्सी’ झालीच: आकाशवाणी पुण्याची ७९२ किलोहर्ट्झ, सिकलसेलची शंभरात अमुक. दुसरी जोडी ‘सॅम्पलिंग फ्रिक्वेन्सी’. ध्वनिमुद्रणात सेकंदाला किती नमुने घेतले ते, सीडीसाठी ४४,१०० हर्ट्झ. नदीच्या पाण्याच्या तपासणीत तेच शब्द आले तर उत्तर असतं, ‘महिन्यातून एकदा’. छेद दोन्हीकडे काळच, पण एकीकडे कोश बघून ‘नमुनन कंप्रता’ लिहाल आणि दुसरीकडे तेच चिकटवाल तर पाणी तपासणारा कर्मचारी तुमच्याकडे आशाताईंसारखाच बघेल.

१०. मराठीत लिहिताना कोणता शब्द

हा माझा कौल आहे, शासनाचा नव्हे.

छेदात सेकंद आणि खरोखरचं कंपन किंवा लहर असेल तर कंप्रता. विश्वकोशानं तोच वापरला आहे. शाळेची पुस्तकं इथेही वारंवारता म्हणतात, त्यामुळे वाचक विद्यार्थी असतील तर त्यांचा शब्द ठेवा. गाण्याबद्दल असेल तर आंदोलनसंख्या. मोजदाद किंवा प्रमाण असेल तर वारंवारता. बोलीतल्या ‘आमची फ्रिक्वेन्सी जुळते’ला हात लावू नका, ती आहे तशीच बरी.

हिंदीतून भाषांतर करत असाल तर ‘आवृत्ति’पासून लांब राहा. हिंदी भौतिकीत ती फ्रिक्वेन्सी, मराठीत आवृत्ती म्हणजे पुस्तकाची दुसरी-तिसरी छपाई. ‘ध्वनीची आवृत्ती वाढते’ असं छापलेलं मी वाचलंय. हिंदीत सांख्यिकीसाठी वेगळा ‘बारंबारता’ आहे, म्हणजे त्यांनी दोन अर्थांना दोन शब्द नेमले. आपल्या शाळेनं एकाच शब्दावर भागवलं, हे मला तरी पटत नाही.

आणि वाचक सामान्य असेल तर हे सगळे शब्द बाजूला ठेवून अपूर्णांकच बोलीत सांगा. माहितीपत्रिकेतलं ते वाक्य आम्ही शेवटी असं केलं: ‘या भागात दर शंभर माणसांत इतके जण सिकलसेलचे वाहक आहेत. त्यांना स्वतःला बहुधा त्रास होत नाही.’ आशाताईंनी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, “आता समजलं जी. म्हंजे लग्नाच्या आधी पोरगा-पोरगी दोघायचीबी तपासणी पायजे. थे खाली लिहा, मोठ्या अक्षरात.” लिहिलं.